५ लाखांचं कार्ड खिशात, तरी दवाखान्यात डिपॉझिट का मागतात? निवडणूक, बजेट आणि हॉस्पिटलच्या धंद्याचं गणित

आयुष्मान कार्ड काढून देणारं शिबिर तुमच्या वॉर्डात शेवटचं कधी लागलं होतं, जरा आठवा. बऱ्याच जणांना तारीख आठवणार नाही, पण कुठली तरी निवडणूक जवळ आली होती एवढं नक्की आठवेल. मंडप, इच्छुक उमेदवाराचा हात जोडलेला फोटो, आधार आणि रेशन कार्डाच्या झेरॉक्स, अंगठा, आणि शेवटी हातात लॅमिनेट केलेलं कार्ड.

आता दुसरा प्रश्न. त्या कार्डावर घरातल्या कुणाचे उपचार झालेत का? इथं मात्र उत्तरं वेगवेगळी येतात. कुणी सांगतं, वडिलांची बायपास झाली, एक रुपया लागला नाही. कुणी सांगतं, काउंटरवर कार्ड दाखवलं तर "आमच्याकडे ही योजना नाही, आधी डिपॉझिट भरा" म्हणाले. दोन्ही माणसं खरं बोलत असतात.

असं का होतं हे समजून घ्यायचं तर तीन गोष्टी एकत्र बघाव्या लागतात. निवडणुकीत काय जाहीर होतं, बजेटमध्ये त्यासाठी किती पैसे ठेवले जातात, आणि खासगी हॉस्पिटल आपला हिशोब कसा मांडतं. पहिल्या गोष्टीवर टीव्हीवर रोज चर्चा असते. बाकीच्या दोनवर फारशी नसते, म्हणून हा लेख.

निवडणूक जवळ आली की विमाच का येतो?

सुरुवात झाली ती आंध्र प्रदेशात. २००७ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांनी आरोग्यश्री योजना सुरू केली. गरीब कुटुंबानं खासगी हॉस्पिटलमध्ये जायचं, मोठं ऑपरेशन करून घ्यायचं आणि बिल सरकारनं भरायचं, अशी ती कल्पना होती. २००९ ची निवडणूक रेड्डींनी जिंकली. त्या विजयामागं एकटी आरोग्यश्री होती असं म्हणणं धाडसाचं होईल, पण देशभरातल्या राजकारण्यांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला.

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर गेली. २०१४ ची लोकसभा तेव्हा काही महिन्यांवर होती. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. सरकार बदललं, २०१७ मध्ये योजनेचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं.

केंद्रात १ फेब्रुवारी २०१८ च्या बजेटमध्ये अरुण जेटलींनी १० कोटी कुटुंबांसाठी वर्षाला ५ लाखांच्या योजनेची घोषणा केली. २३ सप्टेंबर २०१८ ला रांचीतून आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली, आणि सात महिन्यांत लोकसभेचं मतदान सुरू झालं.

पुढच्या लोकसभेला बोली वाढली. राजस्थानात अशोक गेहलोत सरकारनं चिरंजीवी योजनेची मर्यादा ५ लाखांवरून १० लाख आणि मग २०२३ च्या निवडणूक वर्षात २५ लाखांवर नेली. ती निवडणूक काँग्रेस हरली, तरी २०२४ च्या लोकसभा जाहीरनाम्यात पक्षानं तोच २५ लाखांचा आकडा देशासाठी घेतला. भाजपनं आपल्या जाहीरनाम्यात ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानमध्ये घेण्याचं आश्वासन दिलं. ते पाळलंही. २९ ऑक्टोबर २०२४ ला ही सोय सुरू झाली. तेव्हा महाराष्ट्र आणि झारखंडच्या विधानसभेचा प्रचार जोरात होता.

महाराष्ट्रात तर त्याआधीच, १ जुलै २०२४ पासून, फुले योजनेची मर्यादा दीड लाखावरून ५ लाख झाली आणि ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली झाली. निर्णय २०२३ चा होता. अंमल आला लोकसभेचा निकाल लागल्यानंतर आणि विधानसभेच्या आधी.

पण विमाच का? नवीन जिल्हा रुग्णालय का नाही? कारण अगदी व्यवहारी आहे. रुग्णालय बांधायचं तर जागा, टेंडर, इमारत, यंत्रं, आणि मग डॉक्टर आणि नर्सची भरती. पाच वर्षांत पूर्ण झालं तर नशीब, आणि फीत कापायला भलताच पक्ष सत्तेत असू शकतो. कार्ड आठवड्यात छापून होतं. त्यावर योजनेचं नाव असतं, कधी नेत्याचा फोटो असतो, आणि ते घराघरात पोचतं. सत्ता बदलली की नाव बदलायलाही सोपं. आंध्रात आरोग्यश्रीचं नाव सरकारांसोबत राजीव, एनटीआर, वायएसआर आणि पुन्हा एनटीआर असं फिरत राहिलं आहे. पेशंट तोच, पाटी वेगळी.

विम्याचा आणखी एक परिणाम होतो आणि तो या विषयात सगळ्यात महत्त्वाचा आहे. सरकार जेव्हा कोट्यवधी लोकांना कार्ड देतं, तेव्हा ते खासगी हॉस्पिटलसाठी कोट्यवधी नवे ग्राहक तयार करत असतं. आधी जो माणूस पैसे नाहीत म्हणून ऑपरेशन टाळायचा, तो आता दारात येतो. म्हणजे निवडणुकीतल्या घोषणेचा थेट परिणाम या उद्योगाच्या मागणीवर होतो. प्रश्न एवढाच उरतो की त्या ग्राहकाचे पैसे कोण, किती आणि कधी देतं.

जाहीर झालेला पैसा आणि खर्च झालेला पैसा

२०१९ च्या निवडणुकीनंतरचं बजेट बघा. आयुष्मानसाठी २०१९-२० मध्ये ६,४०० कोटी रुपये ठेवले होते. वर्ष संपत आलं तेव्हा सुधारित अंदाज आला ३,२०० कोटींचा. निम्मा. योजना नवी होती, काही मोठी राज्यं बाहेर होती, हॉस्पिटलं अजून जोडली जात होती, ही कारणं खरी आहेत. पण '५० कोटी लोकांना ५ लाख' ही हेडलाइन ऐकून जो आकडा डोळ्यांसमोर येतो, त्याच्याशी ३,२०० कोटींचा मेळ बसत नाही. पुढं तरतूद वाढत गेली आणि २०२५-२६ साठी ती ९,४०६ कोटी झाली. त्यात ७० वर्षांवरच्या सुमारे ६ कोटी लोकांची भर पडली आहे, आणि वय वाढलं की हॉस्पिटलच्या फेऱ्या वाढतात हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

याहून मोठा आकडा बघायचा तर २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात जावं लागतं. २०२५ पर्यंत सरकारचा, म्हणजे केंद्र आणि राज्यं मिळून, आरोग्यावरचा खर्च जीडीपीच्या २.५ टक्के करायचा असं त्यात लिहिलं होतं. सरकारच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये हा खर्च १.१५ टक्के होता आणि २०२१-२२ मध्ये १.८४ टक्के झाला. वाढ झाली हे मान्य करायला हवं. मात्र २०२१-२२ हे कोविड लसीकरणाचं वर्ष होतं, तो खर्चही यात आहे.

याच लेख्यांत आणखी एक आकडा आहे जो सरकार आवडीनं सांगतं. आरोग्यावरच्या एकूण खर्चातला लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा ६४.२ टक्क्यांवरून ३९.४ टक्क्यांवर आला. ही चांगली बातमी आहे. तरीही दर १०० रुपयांतले जवळपास ४० रुपये आजही पेशंटच्या घरातूनच जातात, आणि त्याचं साधं कारण असं की ही कार्डं प्रामुख्यानं ॲडमिट झाल्यावर चालतात. डायबिटीसच्या महिन्याच्या गोळ्या, ओपीडीची फी, बाहेरच्या तपासण्या यांना ती सहसा लागू होत नाहीत. आणि घराचं बजेट महिन्याला कोलमडतं ते याच खर्चानं.

हॉस्पिटलच्या वहीत तुमची नोंद कशी होते?

आता काउंटरच्या पलीकडं जाऊ.

कुठल्याही मध्यम-मोठ्या खासगी हॉस्पिटलमध्ये पेशंटचे ढोबळमानानं तीन प्रकार असतात. रोख पैसे भरणारा, खासगी मेडिक्लेमवाला, आणि सरकारी योजनेतला. एकाच ऑपरेशनचे तिघांकडून मिळणारे पैसे वेगळे असतात. रोखवाल्याकडून सहसा सगळ्यात जास्त आणि लगेच. मेडिक्लेमवाल्याचे ठरलेल्या दरानं आणि काही आठवड्यांनी. योजनेतल्या पेशंटसाठी सरकारनं पॅकेज ठरवून दिलेलं असतं. त्यात खोली, औषधं, डॉक्टर, जेवण सगळं आलं. दर सहसा सगळ्यात कमी आणि पैसे कधी येतील ते सरकारच्या तिजोरीवर अवलंबून.

हॉस्पिटल चालवणाऱ्यासाठी प्रत्येक बेड म्हणजे रोज भाड्यानं जाणारी खोली आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या हॉस्पिटल कंपन्या तर 'एका भरलेल्या बेडमागं रोजचं सरासरी उत्पन्न' हा आकडा दर तिमाहीत गुंतवणूकदारांना सांगतात. तो वाढायला हवा असेल तर योजनेतल्या पेशंटचं प्रमाण हाताबाहेर जाऊ देऊन चालत नाही. कुणी हे उघड बोलणार नाही, पण गणित तसंच आहे.

आणि या धंद्यात आता पैसा कुणाचा आहे तेही बघा. पुण्याच्या सह्याद्री हॉस्पिटल्सची मालकी २०२२ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाकडं गेली. २०२५ च्या जुलैत त्या फंडानं ही साखळी मणिपाल हॉस्पिटल्सला विकायचा करार केला, किंमत सुमारे ६,४०० कोटी रुपये असल्याच्या बातम्या आल्या. मणिपालमध्ये सगळ्यात मोठा हिस्सा सिंगापूरच्या टेमासेकचा आहे. पुणे, नाशिक, अहिल्यानगर, कराड इथल्या हॉस्पिटलांचा मालक ठरवताना टोरांटो आणि सिंगापूरमध्ये हिशोब होतात. यात बेकायदा काही नाही. हॉस्पिटल क्षेत्रात १०० टक्के थेट परकीय गुंतवणूक सरकारनंच खुली केली आहे, हेही आर्थिक धोरणच. पण एवढी किंमत मोजून हॉस्पिटल विकत घेणाऱ्याला परतावा लागतो. तो योजनेच्या पॅकेजमधून निघणं अवघड आहे.

लहान हॉस्पिटलांची अडचण वेगळी असते. त्यांना योजनेतले पेशंट हवे असतात, कारण तालुक्याच्या गावात रोख भरणारे मोजकेच. पण सरकारकडून पैसे थकले की पगार आणि औषध दुकानदाराची उधारी अंगावर येते. २०२४ च्या मे महिन्यात आंध्रात मतदान होऊन निकाल लागायचा होता, त्या मधल्या दिवसांत तिथल्या हॉस्पिटलांच्या संघटनेनं आरोग्यश्रीच्या सेवा थांबवल्या. सुमारे १,५०० कोटी थकल्याचा त्यांचा दावा होता. सरकार बदललं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तीच संघटना त्याच कारणासाठी पुन्हा संपावर होती. हरियाणात २०२५ च्या ऑगस्टमध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या हाकेनं शेकडो खासगी हॉस्पिटलांनी आयुष्मानचे पेशंट घेणं बंद केलं, थकबाकीच्याच मुद्द्यावर.

दुसरी बाजूही आहे. खोटी बिलं लावणारी, गरज नसताना ॲडमिट करणारी हॉस्पिटलं आहेत आणि त्यांच्यामुळं सरकार तपासणी कडक करतं, मग पैसे आणखी अडकतात. २०२३ मध्ये कॅगनं आयुष्मानची तपासणी केली तेव्हा ९९९९९९९९९९ या एकाच मोबाईल नंबरवर जवळपास साडेसात लाख लाभार्थी नोंदलेले सापडले होते. सरकारचं म्हणणं होतं की ओळख आधारवरून पटते, मोबाईल नंबर सक्तीचा नाही. तरी तो आकडा वाचून हसावं की रडावं कळत नाही.

तर डिपॉझिटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे. कार्ड देणं सरकारच्या हातात होतं. बेड देणं तसं नाही.

मग सरकारी दवाखान्यात जा की!

हे म्हणणं सोपं आहे. २०२३ च्या १५ ऑगस्टपासून महाराष्ट्रात आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत झालं. त्याच ऑगस्टमध्ये ठाणे महापालिकेच्या कळवा रुग्णालयात २४ तासांत १८ मृत्यू झाले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यातली १२ नवजात बाळं होती. औषधांचा आणि माणसांचा तुटवडा होता की नाही यावर सरकार आणि विरोधक भांडले, मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली.

तेव्हा पुढं आलेली एक गोष्ट फार कमी लोकांनी शेअर केली. राज्यात औषध खरेदीचं काम २०१७ पासून हाफकिनकडं होतं. त्याबद्दल तक्रारी वाढल्यावर सरकारनं २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र खरेदी प्राधिकरण तयार केलं. नांदेड घडलं तेव्हा या प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य अधिकारी का नाही, हा प्रश्न न्यायालयात निघाला. औषध खरेदी कुणी करायची, टेंडर वेळेवर निघतं का, पुरवठादाराचे पैसे दिले जातात का, यावर कुणाची सभा गाजत नाही. पण वॉर्डात सलाईन आहे की नाही ते यावर ठरतं.

तुमच्या राज्यात कोण निवडून आलं यानं काय फरक पडतो?

खूप. आरोग्य हा राज्यघटनेत राज्यांचा विषय आहे. आयुष्मानचा खर्च बहुतेक राज्यांत केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के असा वाटला जातो, आणि राज्यानं करार केला तरच योजना तिथं लागू होते.

पश्चिम बंगाल जानेवारी २०१९ मध्ये बाहेर पडला, आमची स्वास्थ्यसाथी आहे म्हणत. दिल्ली आणि ओडिशा आत आलेच नाहीत. ७० वर्षांवरच्यांची योजना सुरू करताना पंतप्रधान मोदींनी दिल्ली आणि बंगालच्या वृद्धांची जाहीर माफी मागितली, तिथली सरकारं योजनेत येत नाहीत म्हणून मी तुमची सेवा करू शकत नाही असं ते म्हणाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत भाजपचं सरकार आलं आणि मंत्रिमंडळाच्या पहिल्याच बैठकीत आयुष्मानला मंजुरी मिळाली, वर राज्याचे आणखी ५ लाख. ओडिशात जून २०२४ मध्ये सत्ताबदल झाला, जानेवारी २०२५ मध्ये करार झाला.

म्हणजे एखाद्या राज्यातल्या म्हाताऱ्या माणसाला केंद्राची योजना मिळेल की नाही, हे त्याच्या आजारावर नाही, दोन सरकारांच्या संबंधांवर ठरलं. दोन्ही बाजू यात दोषी आहेत असं माझं मत आहे. राज्यांना श्रेय वाटायचं नव्हतं, केंद्राला पाटी सोडायची नव्हती. पंजाबात तर आम आदमी क्लिनिकच्या नावावरून आणि ब्रँडिंगवरून राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निधीच केंद्रानं अडवला होता. भांडण पाटीवर काय लिहायचं याचं, आणि अडकला पैसा दवाखान्याचा.

मेडिक्लेमवरचा जीएसटी: एका पत्राची गोष्ट

ज्यांच्याकडं स्वतःचा मेडिक्लेम आहे त्यांच्यासाठी हा भाग.

२०२४ च्या जुलैत १०,००० रुपयांच्या प्रीमियमवर १,८०० रुपये जीएसटी लागायचा. २३ जुलैला नव्या सरकारचं पहिलं बजेट झालं, आणि २८ जुलैला नितीन गडकरींनी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना पत्र लिहिलं. नागपूरच्या एलआयसी कर्मचारी संघटनेच्या निवेदनाचा हवाला देऊन त्यांनी म्हटलं की विम्यावर कर लावणं म्हणजे आयुष्याच्या अनिश्चिततेवर कर लावणं आहे. पत्र बाहेर आलं आणि विरोधकांनी ते उचलून धरलं. संसदेच्या आवारात आंदोलन झालं.

कर काढणं सोपं का नव्हतं? कारण २०२३-२४ या एका वर्षात आरोग्य विम्यावरच्या जीएसटीतून सुमारे ८,२६३ कोटी रुपये आले होते, आणि त्यात राज्यांचाही वाटा होता. जीएसटी परिषदेनं मंत्रिगट नेमला. त्याचे प्रमुख होते बिहारचे उपमुख्यमंत्री सम्राट चौधरी. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय पुढं ढकलला गेला. मग १५ ऑगस्ट २०२५ ला पंतप्रधानांनी जीएसटी कपातीची घोषणा केली, ३ सप्टेंबरला परिषदेनं मंजुरी दिली आणि २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. बहुतेक औषधांवरचा १२ वरून ५ टक्के झाला, ३३ जीवरक्षक औषधांवरचा १२ वरून शून्य. बिहारचं मतदान नोव्हेंबरमध्ये होतं.

निवडणुकीसाठीच केलं का? तेवढंच कारण धरलं तर चित्र अपुरं राहील. अमेरिकेनं ऑगस्टअखेर भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं होतं, निर्यात अडचणीत होती, देशातली खरेदी वाढवणं सरकारला गरजेचं होतं. दोन्ही कारणं एकाच दिशेला ढकलत होती आणि निर्णय झाला.

यात एक मेख आहे. कर 'शून्य' म्हणजे इथं 'सूट' आहे. विमा कंपनी स्वतः ऑफिसचं भाडं, सॉफ्टवेअर, एजंटचं कमिशन यावर जो जीएसटी भरते, तो तिला आधी वजा करून मिळायचा, आता मिळत नाही. तो खर्च कुठून तरी काढावा लागणार. एकतर एजंटचं कमिशन कमी होईल, नाहीतर पुढच्या वर्षी तुमचा मूळ प्रीमियम वाढेल. त्यामुळं नूतनीकरणाची नोटीस येईल तेव्हा 'जीएसटी ०' बघून खूश होण्याआधी मूळ रक्कम मागच्या वर्षीच्या मूळ रकमेशी ताडून बघा. आणि हो, कंपनीनं काढलेल्या ग्रुप पॉलिसीला ही सूट नाही.

'निवडणूक आहे म्हणून औषधं स्वस्त', खरं की खोटं?

एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभेच्या ऐन धामधुमीत, एक मेसेज फिरत होता. १ एप्रिलपासून औषधं १२ टक्क्यांनी महाग होणार. तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आला असेल. सरकारनं तो खोटा असल्याचं सांगितलं, आणि या वेळी सरकार बरोबर होतं.

अत्यावश्यक यादीतल्या औषधांची कमाल किंमत दर एप्रिलमध्ये घाऊक महागाई निर्देशांकानुसार बदलते. २०२२ मध्ये ही वाढ १०.७७ टक्के होती, २०२३ मध्ये १२.१२ टक्के. तो जुना आकडाच लोक पुन्हा फिरवत होते. २०२४ मध्ये वाढ निघाली ०.००५५१ टक्के. काही औषधांत अक्षरशः एक पैसा. हे निवडणुकीमुळं झालं का? नाही. त्या वर्षी घाऊक महागाईच जवळपास शून्य होती. सूत्र ठरलेलं आहे, त्यात मंत्र्याला फार हात घालता येत नाही. २०२५ मध्ये वाढ १.७४ टक्के होती. यादीबाहेरच्या औषधांची किंमत मात्र कंपनी वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते, आणि तुमच्या चिठ्ठीवर तीही असतात.

पण सूत्राबाहेरचे निर्णय होतात, तिथं वेळ बघण्यासारखी असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये दम्याचं साल्ब्युटामॉल, लिथियम, बेंझिल पेनिसिलीन अशा आठ औषधांच्या कमाल किमती ५० टक्क्यांनी वाढवल्या गेल्या. लोकसभा होऊन गेली होती. कंपन्यांचं म्हणणं होतं की या दरात कच्चा मालही परवडत नाही, उत्पादन बंद होईल. हे कारण हवेतलं नाही. औषधांचा बराचसा कच्चा माल आजही चीनमधून येतो.

स्टेंटचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. १३ फेब्रुवारी २०१७ ला सरकारनं हृदयातल्या स्टेंटची किंमत बांधून दिली. लाखाच्या वर जाणारा औषधी लेपाचा स्टेंट २९,६०० रुपयांवर आला. उत्तर प्रदेशात तेव्हा मतदान चालू होतं, त्यामुळं श्रेय घेतलं जाणं साहजिक होतं. पण मुदत घालून दिली होती ती दिल्ली उच्च न्यायालयानं, एका जनहित याचिकेवर. पुढं अमेरिकन उपकरण कंपन्यांच्या संघटनेनं आपल्या सरकारकडं तक्रार केली, आणि भारताच्या व्यापार सवलतींच्या फेरतपासणीत तोही एक मुद्दा झाला. जून २०१९ मध्ये अमेरिकेनं त्या सवलती काढून घेतल्या. एका पेशंटच्या अँजिओप्लास्टीच्या बिलाचा धागा असा वॉशिंग्टनपर्यंत जातो.

आणि आता उलटही होतं. भारताच्या औषध निर्यातीतला सुमारे एक तृतीयांश माल अमेरिकेला जातो. ट्रम्प यांनी २०२५ च्या सप्टेंबरअखेर ब्रँडेड औषधांवर १०० टक्के शुल्काची घोषणा केली, तेव्हा आपल्या बहुतेक जेनेरिक गोळ्या त्या कक्षेत नव्हत्या, तरी औषध कंपन्यांचे शेअर घसरले. गोव्यात वेर्णा, महाराष्ट्रात तारापूर, वाळूज इथल्या औषध कारखान्यांत काम करणाऱ्यांसाठी अमेरिकेची निवडणूक परकी राहिलेली नाही.

जाता जाता, पैशाचा प्रवास दुसऱ्या दिशेनंही होतो. सर्वोच्च न्यायालयानं १५ फेब्रुवारी २०२४ ला निवडणूक रोखे रद्द केले आणि मार्चमध्ये यादी बाहेर आली. त्यात औषध आणि हॉस्पिटल क्षेत्रातल्या कंपन्यांनी शेकडो कोटींचे रोखे घेतल्याचं दिसलं, वेगवेगळ्या पक्षांना. त्यातून कुणाला काय मिळालं हे त्या यादीवरून सिद्ध होत नाही. पण ज्या क्षेत्राच्या किमती, परवाने आणि योजनांचे दर सरकार ठरवतं, ते क्षेत्र पक्षांना देणगी देतं, एवढं त्यानंतर कागदावर आलं.

बरं, मग कार्डाचं काय करायचं?

काउंटरवर 'योजना नाही' असं ऐकलं तर त्याचे अर्थ तीन असू शकतात. हॉस्पिटल योजनेत नोंदलेलंच नाही. किंवा नोंदलेलं आहे, पण तुमचा उपचार तिथं मंजूर नाही, कारण एखादं हॉस्पिटल फक्त हृदयासाठी किंवा फक्त किडनीसाठी जोडलेलं असू शकतं. किंवा दोन्ही आहे आणि तरी टाळलं जातंय. पहिल्या दोन गोष्टी ॲडमिट होण्याआधी १४५५५ (आयुष्मान) किंवा १५५३८८ (फुले योजना) या नंबरवर विचारता येतात. तिसरी असेल तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला गाठा. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये त्याचा कक्ष असतो, बहुतेकदा मुख्य काउंटरपासून लांब. नकार देत असतील तर तो लेखी मागा. लेखी मागितल्यावर बरेचदा भाषा बदलते.

हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं असेल तर आणखी एक वाट आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ठरलेल्या योजनेत अशा हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी पिवळं-केशरी रेशन कार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो दाखला आजारपण आल्यावर काढायला गेलात तर तलाठ्याची आणि तुमची गाठ पडेपर्यंत पेशंट घरी आलेला असतो, त्यामुळं तो आधीच काढून ठेवलेला बरा.

आणि पुढच्या निवडणुकीत कुणी १० लाखांचं, २५ लाखांचं कार्ड घेऊन दारात आलं, तर त्याला तीनच गोष्टी विचारा. आपल्या तालुक्यातली किती हॉस्पिटलं या योजनेत आहेत, त्यांची किती बिलं थकली आहेत, आणि जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या किती जागा रिकाम्या आहेत.